पहिली सोल-पॉप ईपी: पट्टीपासून स्टेजपर्यंत

गाणं गिटारवर सुचलेलं असलं की ते बहुधा पांढरी तीन, पांढरी सहा किंवा पांढरी दोनमध्ये (पेटीच्या पट्ट्या; पाश्चात्त्य नावं ई, ए, डी) असतं, कारण मोकळ्या तारा तिथे वाजतात. गळ्याला मोकळ्या तारांशी काही देणंघेणं नसतं. स्वतः गाणी लिहिणाऱ्या नव्या गायक-गायिकांच्या पहिल्या ईपीत, म्हणजे चार गाण्यांच्या छोट्या अल्बममध्ये, जे बिघडतं, त्याचं मूळ स्टुडिओत क्वचितच सापडतं. ते इथे, पट्टी ठरवताना असतं. म्हणून अशा गायकांसोबतची आमची पहिली बैठक माइकशिवाय होते.

छातीचा आवाज संपून डोक्याचा आवाज सुरू होतो त्या सांध्यावर सोलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून आलेल्या संगीताचा, सगळा जीव असतो. बायकांच्या गळ्यात जोरात गाताना हा सांधा साधारण मधल्या पांढरी एकच्या (मिडल सीच्या) वरच्या पांढरी सहापासून पुढच्या पांढरी एकपर्यंत कुठेतरी येतो. पुरुषांच्या गळ्यात मधल्या पांढरी एकच्या वरच्या पांढरी तीन ते पांढरी पाचच्या आसपास. ध्रुवपदाचा सगळ्यात वरचा सूर या सांध्याच्या अर्धा-एक सूर खाली बसला तर ताण ऐकू येतो, पण आवाज फाटत नाही. त्याहून बराच खाली ठेवला तर गाणं गोड होतं, सोल राहत नाही. वर नेला तर नुसती ओरड.

पट्टी तपासायची ती तालमीच्या सुरुवातीला नाही. चाळीस मिनिटं गाऊन झाल्यावर ध्रुवपद सलग पाच वेळा पूर्ण जोरात म्हणायचं. पाचव्या वेळी सूर उतरत असेल, हनुवटी वर जात असेल किंवा मान पुढे येत असेल, तर अर्धा सूर खाली. उलटा रोगही असतो. रात्री खोलीत, कुणाला त्रास नको म्हणून दबक्या आवाजात लिहिलेली गाणी हमखास दोन-तीन सूर खाली असतात. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती जिव्हाळ्याची वाटतात. मागे ड्रम आणि बेस आले की आवाज त्यांच्याखाली गाडला जातो.

पट्टीचा संबंध फुंकवाद्यांशीही आहे, आणि हे गिटारवर लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. या वाद्यांचे कागद गाण्याहून वेगळ्या पट्टीत लिहावे लागतात. गाणं पांढरी तीन मेजरमध्ये (शुद्ध गंधाराच्या पट्टीत) असेल तर ट्रम्पेटवाल्यासमोर सहा शार्पचा (सूर अर्ध्याने चढवण्याच्या खुणांचा) कागद येतो आणि आल्टो सॅक्सोफोनवाल्यासमोर सात शार्पचा. चांगला वादक वाजवेल, पण फटकारे अडखळतील आणि सूर ढळतील. तेच गाणं अर्धा सूर खाली, काळी दोनमध्ये आणलं की ट्रम्पेटला एकच फ्लॅट (उतरवण्याची खूण) उरतो आणि आल्टोला तर एकही नाही. गिटारवाल्याने सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावल्या की त्याच्या बोटांचे आकार तसेच राहतात. जुन्या सोलमध्ये काळी दोन, पांढरी चार, काळी पाच या पट्ट्या इतक्या का भेटतात, याचं बरंचसं उत्तर एवढंच आहे.

शब्दांची तपासणीही याच बैठकीत उरकायची. टिपेच्या सुरावर ‘ई’ आला की जीभ वर चढते, तोंडातली पोकळी अरुंद होते आणि आवाज चिमटीत धरल्यासारखा येतो. शब्द बदलून तिथे ‘आ’ किंवा ‘ओ’ आणता आला तर उत्तम. नाही आला, तर ‘ई’ गाताना ‘ए’कडे झुकवायचा; ऐकणाऱ्याला शब्द ‘ई’चाच वाटतो. ओळीच्या शेवटी ‘स’ किंवा ‘श’ असेल तर खूण करून ठेवावी. कोरस सहा वेळा थरावर थर चढवून गायला की तो शेवट सहा वेळा सुस्कारतो.

कॉर्डच्या बाबतीत एकच सांगतो. सोलची चव कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांत) भरलेल्या सातव्या-नवव्या सुरांच्या गर्दीत नाही, घरी, म्हणजे मूळ कॉर्डवर, परतण्याच्या वाटेत आहे. पांढरी एकच्या गाण्यात परतण्याआधी सरळ पाचव्या सुराचा कॉर्ड वाजवण्याऐवजी बेसला पांढरी पाच आणि वर पांढरी चारचा मेजर ठेवून पाहा. किंवा पांढरी चारचा मेजर दोन मात्रा वाजवून पुढच्या दोन मात्रा त्याचाच मायनर (कोमल गंधाराचा). एवढ्याने ओळ चर्चमधून आल्यासारखी वाटते. हे दोन्ही एकाच गाण्यात चार-चार वेळा करू नये.

लांबीचा हिशेब लयीवरून करायचा. ७० बीपीएमला (मिनिटाला ७० मात्रा) चार मात्रांचे आठ बार म्हणजे सव्वासत्तावीस सेकंदांहून जास्त. स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकल्यानंतर एक ऐकणं मोजतं. म्हणजे आठ बारांची प्रस्तावना ठेवली तर आवाज येईतो मोजणी संपत आलेली असते, आणि नव्या नावासाठी कुणी सुरांच्या नुसत्या गालिच्यावर अर्धा मिनिट बसत नाही. चार बार पुरतात. दोनही चालतात.

लय मात्र डेमोवरून (कच्च्या रेकॉर्डिंगवरून) ठरवू नये. फोनसमोर एकट्याने गाताना सगळेच घाई करतात. तेच गाणं तीन बीपीएम कमी, मग आणखी तीन कमी करून म्हणून पाहायचं. जिथे ओळीच्या शेवटी श्वास पुरत नाही तिथे थांबून एक पायरी परत वर यायचं.

गाणं दोघा-तिघांनी मिळून केलं असेल तर वाटण्यांचा कागद त्याच दिवशी लिहायचा: गाण्याचं नाव, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, कोणाचे किती टक्के, बेरीज शंभर, सह्या. गाण्याचे (शब्द आणि चालीचे) हक्क आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे असतात. ट्रॅक (मागचं संगीत) करून देणाऱ्याला दोन्हींत वाटा आहे की एकातच, हे त्यात स्पष्ट हवं. सहा महिन्यांनी सगळ्यांना आपणच जास्त लिहिल्याचं आठवतं, आणि त्यात कुणी खोटं बोलत नसतं.

आता ठेका. सोलचा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर (ड्रम-संचातला कडक आवाजाचा ड्रम) किंचित उशिरा पडतो. अमेरिकेत मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतल्या अल जॅक्सन ज्युनियरचं ड्रमिंग ऐकलं की हे कळतं. हा उशीर दहा-वीस मिलिसेकंदांचा, घड्याळात न दिसणारा. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझचं (ठोके अचूक मात्रेवर बसवणारं) बटण दाबलं की तो सरळ होतो आणि गाणं चालायचं थांबून कवायत करू लागतं. सोल-पॉप रेकॉर्ड करताना सगळ्यात मोठी अडचण हीच: जे चुकल्यासारखं दिसतं ते दुरुस्त करणारं एक यंत्र प्रत्येक टप्प्यावर हाताशी असतं. क्लिक (हेडफोनमधला लयीचा ठोका) लावायचाच असेल तर फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावावा. चारही मात्रांवर वाजला की ड्रमर त्याच्यावर बसतो. दोनच असल्या की मधली जागा त्याला स्वतः भरावी लागते.

बेसला नव्या, चकाकत्या तारा नकोत. मोटाउन या सोल कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारा वापरायचा, त्या सहसा बदलायचा नाही, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. फ्लॅटवाउंड नसतील तर बेसच्या पुलाजवळ (ब्रिजजवळ) तारांखाली स्पंजचा पातळ तुकडा सरकवावा आणि टोनची कळ अर्ध्याहून खाली आणावी. सूर लवकर विझतो आणि गायकाला जागा मिळते.

सगळ्यांनी एका खोलीत एकत्र वाजवायचं की एकेक थर चढवायचा? अमेरिकन सोल गायक लिऑन ब्रिजेसचा २०१५मधला पहिला अल्बम टेक्ससमधल्या फोर्ट वर्थमध्ये जुन्या सामग्रीवर, वादकांनी एकत्र वाजवून झाला, आणि सगळे एकाच खोलीत असल्याचं ऐकू येतं. पण तिथे वादक तयारीचे होते. एकत्र रेकॉर्ड करताना गायकाचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो, आणि मग चुकलेली ओळ बदलता येत नाही. बदलली तर जुनी ओळ मागे भुतासारखी ऐकू येते. नवख्यांसाठी आम्ही मधला रस्ता धरतो. बँड एका खोलीत, गायक दुसऱ्या खोलीत, सगळे हेडफोनवर, पण एकाच वेळी. गायकाचं हे गाणं ‘फक्त मार्गदर्शनासाठी’ म्हणून साध्या माइकवर घेऊ नये. खरा माइक, खरी मांडणी लावूनच घ्यायचं. गायक बेसावध असताना गायलेल्या दोन-तीन ओळी शेवटी त्यातूनच उचलाव्या लागतात, असा अनुभव आहे.

गळ्याचं रेकॉर्डिंग. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर (बारीकसारीक आवाज टिपणारा माइक), कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा), तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर. पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) दोघांच्या मध्ये. खोली घुमत असेल तर कंडेन्सर हट्टाने लावू नये. डायनॅमिक (कमी संवेदनशील) माइक जवळून वापरलेला बरा. मात्र एसएम७बीसारख्या माइकला प्रीअँपचा ६० डेसिबलच्या आसपास गेन (आवाज चढवण्याचं प्रमाण) लागतो. साध्या इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) तेवढा चढवला की मागून सळसळ येते. मीटरवरची पातळी सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सगळ्यात जोराची ओळ उणे ६च्या खाली. ती जोराची ओळ आधी गाऊन घेऊन मगच गेन लावायचा. साउंड चेकला ‘थोडं गा ना’ म्हटलं की सगळे पहिला अंतरा गातात, आणि सेतूच्या (शेवटच्या ध्रुवपदाआधीच्या वेगळ्या भागाच्या) ओळीवर लाल दिवा लागतो.

सोलमध्ये कुजबुज आणि किंकाळी एकाच ओळीत येतात. म्हणून पायांखाली चिकटपट्टीच्या दोन खुणा कराव्यात: एक जवळची, एक अर्ध्या हाताने मागची. कुठल्या शब्दावर मागे जायचं ते शब्दांच्या कागदावर बाण काढून ठेवायचं. मागे जाताना डोकं माइकच्या रेषेतच राहिलं पाहिजे. बाजूला वळलं की आवाजाची चमक मंद होते. रेकॉर्ड होतानाच कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) लावला तर तीन-चार डेसिबलहून जास्त दाबू नये. जास्त दाबलेलं पुन्हा सोडवता येत नाही.

गायक सतत किंचित खाली लागत असेल तर त्याला रागावण्याआधी हेडफोनचा आवाज कमी करा. ट्रॅक मोठा असला की सूर कमी ऐकू येतो. एक कान उघडा ठेवला तर बरेचदा तिथेच प्रश्न सुटतो, पण उघडा कान असलेल्या बाजूचा हेडफोन बंद करा, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरतो. सूर बरोबर पण लय ओढल्यासारखी वाटत असेल तर संगणकाकडे पाहा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सँपलचा बफर (संगणक आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे देतो तो) म्हणजे एका बाजूचा १०.७ मिलिसेकंद उशीर, जाऊन-येऊन वीसच्या वर. एवढ्या अंतराने स्वतःचाच आवाज ऐकणाऱ्याची लय जाणारच. ६४ किंवा १२८वर आणा, किंवा इंटरफेसचं थेट ऐकणं चालू करा.

पूर्ण गाणं सलग चार ते सहा वेळा घ्यायचं, तुकड्यांत नाही. पहिल्या दोनांत चुका असतात आणि जीवही असतो. पाचव्यापासून सूर नीट होतात आणि डोळे कागदावर जातात. प्रत्येक वेळी शब्दांच्या कागदावर ओळीसमोर खूण: ठीक, छान, नको. नंतर सगळ्यात चांगल्या ओळी जोडायच्या, पण पाया एकाच टेकचा (एका वेळच्या सलग गाण्याचा) ठेवून. ओळीगणिक टेक बदलला की चार वेगवेगळ्या मनःस्थिती एका कडव्यात कोंबल्यासारखं होतं. जोड श्वासाच्या आधी द्यायचा, श्वासानंतर नाही. पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विझवत दुसरा वर आणणं) पुरतो. श्वास पुसून टाकू नयेत. फार मोठा वाटला तर सहा डेसिबलने खाली आणा. श्वासाशिवाय आलेला टिपेचा सूर खरा वाटत नाही, मग तो कितीही खरा असो.

आता सूर ‘सुधारण्याचा’ मुद्दा. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. सोलचा गंधार कोमलही नसतो, शुद्धही नसतो. तो दोघांच्या मध्ये कुठेतरी लागतो आणि पुष्कळदा खालून मींड घेऊन वर येतो. ऑटोमॅटिक ट्यूनिंगला गाण्याची पट्टी मेजर सांगितली की ते हा सूर पकडून शुद्ध गंधारावर नेऊन बसवतं. क्रोमॅटिक (बाराही सूर चालतील असं) ठेवलं तर जो गंधार जवळ असेल तिकडे ढकलतं, आणि मींड घेताना दोन गंधारांमध्ये ठेचकाळतं. ऐकताना ओळ ‘स्वच्छ’ झाल्यासारखी वाटते. पाच मिनिटांनी कळतं की गाण्यातली तक्रार निघून गेली आहे. त्यामुळे ऑटोमॅटिक बंद. हाताने, एकेक सूर पाहून, फक्त लांब धरलेले सूर सरळ करायचे, आणि तेही सुराचा मधला भाग तेवढा. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वळणं तशीच राहू द्यायची. पडद्याकडे न पाहता ऐकून ठरवावं. आलेख वाकडा दिसतो म्हणून सूर हलवण्याचा मोह फार वाईट.

हरकती जशा सुचतील तशा सोडू नयेत. एक हरकत ६० बीपीएमवर, प्रत्येक सूर वेगळा ऐकू येईल अशी घोटायची, मग वेग. कडव्यात एक पुरे. पहिल्याच ओळीला पाच सुरांची मुरकी घेतली तर शेवटच्या ध्रुवपदाला द्यायला काही उरत नाही.

मागच्या आवाजांसाठी तीन सुरांचे थर, प्रत्येक दोनदा, म्हणजे सहा ट्रॅक. गायकाने माइकपासून अर्धा-पाऊण मीटर मागे उभं राहायचं. ‘स’ आणि ‘त’ एकाच ट्रॅकवर स्पष्ट म्हणायचे, बाकीच्या पाचांवर गिळायचे.

मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र बसवण्याचं काम) बाहेर देणार असाल तर सगळे ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारे, नाव दिलेले आणि रिव्हर्बशिवाय (घुमण्याचा परिणाम न लावता) पाठवा. बीपीएम आणि कच्चं मिक्स सोबत. गळ्याला प्लेट रिव्हर्ब आवडतो, पण त्याच्या आधी ४० ते ८० मिलिसेकंदांचं अंतर ठेवायला सांगा, म्हणजे शब्द पुढे राहतात. तुलनेसाठी लावलेलं दुसरं गाणं आपल्या मिक्सइतक्याच आवाजाला उतरवून ऐका. मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं. मास्टरबद्दल (रिलीजच्या अंतिम प्रतीबद्दल) एवढंच की स्पॉटिफाय ऐकवताना सर्वसाधारणपणे उणे १४ लफ्सला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, त्यामुळे गाणं ठेचून मोठं करण्यात फायदा नाही. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डेसिबल.

रिलीजच्या कामात कंटाळा आहे आणि बहुतेक अपघातही इथेच होतात. तयार लूप (फिरून फिरून वाजणारा विकतचा तुकडा) वापरला असेल तर त्याचा परवाना पुन्हा वाचा. विनाएकाधिकार विकलेला लूप दुसऱ्या दहा जणांच्या गाण्यातही असतो. त्यातल्या एकाने आपलं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवलं की तुमच्या व्हिडिओवर दावा येतो. जुन्या सोल रेकॉर्डचा तुकडा घेतला असेल तर रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि गाण्याच्या मालकाची, दोन्ही परवानग्या हव्यात. कव्हर गायलं तर रेकॉर्डिंग तुमचं, गाणं दुसऱ्याचं, म्हणून रिलीजआधी परवाना हवा. कव्हरने सुरुवात करण्यात कमीपणा अजिबात नाही. ब्रिटिश गायिका जॉस स्टोनचा २००३चा पहिला अल्बम बहुतांशी जुन्या सोल गाण्यांचा होता, ती तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि तिच्यामागे मायामीतले जुने जाणते वादक होते. शिकण्याचा तो सरळ मार्ग आहे.

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा कोड) लागतो. गाणं नंतर अल्बममध्ये पुन्हा आलं, तरी रेकॉर्डिंग तेच असेल तर कोडही तोच द्यायचा. नवा दिला तर ऐकण्याचे आकडे दोन ठिकाणी विभागले जातात. गीतकारांच्या जागी टोपणनावं नाहीत, कायदेशीर नावं. मुखपृष्ठ ३०००×३००० पिक्सेल चौरस. कलाकाराचं नाव आधी शोधून पाहा. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर तुमची ईपी त्याच्या पानावर जाऊन बसते आणि उतरवायला आठवडे लागतात. वितरकाकडे (गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच. तिथे ‘भावपूर्ण गाणं’ असं लिहून उपयोग नसतो. वाद्यं कोणती, लय किती, कुणी वाजवलं, ते लिहा.

रिलीजनंतर लागोपाठ कार्यक्रम येतात आणि गळा तिथे बसतो. सोलमधली खरखर घसा आवळून काढायची नसते. गाऊन झाल्यावर बोलण्याचा आवाज बदललेला राहत असेल तर ती खरखर चुकीच्या ठिकाणाहून येते आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र बघून घ्यावं. मध-हळदीवर वेळ काढू नये. ब्रिटिश गायिका अडेलच्या स्वरतंतूंवर २०११मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. गाण्याआधी पंधरा मिनिटं ओठ फुरफुरवत किंवा स्ट्रॉमधून सूर धरत गळा तापवायचा. कार्यक्रमानंतर गोंगाटात उभं राहून लोकांशी मोठ्याने बोलणं हे गाण्याहून जास्त महागात पडतं.

नव्या नावाला सहसा २५ ते ३० मिनिटं मिळतात, म्हणजे सहा गाणी, फार तर सात. वादकांची जागा आणि माइक-लाइनांची यादी एका पानावर आधी पाठवा. साउंड चेक बहुधा मिळत नाही. एकेक लाइन तपासली की सुरू. त्यामुळे पहिलं गाणं मधल्या सुरांचं ठेवा, ध्वनीवाल्याला तेवढ्यात पातळी लावता येते. सगळ्यात चढं गाणं शेवटून दुसरं. आणि ते ईपीतल्या पट्टीत नाही, अर्धा सूर खाली. स्टुडिओत तो सूर दुपारी, ताज्या गळ्याने, सहा संधी घेऊन लागला होता. इथे चार-पाच गाणी झालेली असतात आणि संधी एकच. ऐकणाऱ्यांतल्या कुणाच्याही हे लक्षात येत नाही. फक्त ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्यांना नव्या पट्टीचे कागद दोन दिवस आधी द्या.